पटावरचे नाव आणि शाळेचा हक्क

सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला घराजवळच्या शाळेत मोफत शिकता आले पाहिजे आणि ते खरोखर शिकते आहे की नाही हे पाहणे सरकारचे काम आहे, असे भारताचा कायदा सांगतो. या हक्काला आधार दोन : राज्यघटनेचे कलम २१(क) आणि 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९'. दोन्ही १ एप्रिल २०१० या एकाच दिवशी अमलात आले. कायद्याच्या नावातला 'मोफत' हा शब्द लोकांना चटकन कळला. 'सक्ती' हा शब्द मात्र अजूनही उलटा वाचला जातो. सक्ती आईबापांवर आहे, मूल शाळेत आले नाही तर दोष घरच्यांचा, असा समज शिक्षकांमध्ये आहे, अधिकाऱ्यांमध्ये आहे आणि खुद्द पालकांमध्येही आहे. अधिनियमाचे आठवे कलम वेगळेच सांगते. मुलाला मोफत शिक्षण देणे, त्याचा प्रवेश होईल, ते हजर राहील आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे करील याची खात्री करणे हे शासनावरचे बंधन, आणि 'सक्तीचे शिक्षण' याचा अर्थ हे बंधन. दहाव्या कलमात पालकांचे कर्तव्य सांगितले आहे, पण ते न पाळल्याबद्दल दंड ठेवलेला नाही. सक्तीचे टोक घराकडून सरकारकडे वळले, हा या कायद्याचा गाभा आहे.

हा फरक कागदावर छोटा दिसतो. तो किती मोठा आहे हे कळायला वरठीसारखे गाव पाहावे. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले हे गाव नागपूर–हावडा लोहमार्गावर आहे, पण रेल्वेच्या वेळापत्रकात वरठी हे नाव सापडत नाही. इथल्या स्थानकाचे नाव 'भंडारा रोड'. गावाला लागून सनफ्लॅगचा लोखंड-पोलादाचा कारखाना आहे, भोवती धानाची शेती आहे. स्टेशन, कारखाना आणि शेती या तिन्ही गोष्टी माणसे आणतात आणि नेतात. ठेकेदाराबरोबर आलेले मजुराचे कुटुंब, हिवाळ्यात छत्तीसगडकडून वीटभट्टीवर उतरणारी माणसे, रोवणीच्या दिवसांत पहाटेच बांधीवर जाणाऱ्या बाया. या सगळ्यांबरोबर मुले असतात. शाळा एका जागी उभी असते आणि मूल फिरते असते. कायद्याची कसोटी या फिरत्या मुलापाशी लागते.

सक्तीचा विचार मराठी मुलखात जुना आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो, ही त्यांची तक्रार. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात ते मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपयापर्यंत दंड ठेवला. त्या काळात हे पाऊल मोठेच होते. मधल्या काळात, १६ मार्च १९११ रोजी, गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले होते. वर्षभराने ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले.

भंडाऱ्याची वाट थोडी निराळी. हा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्य प्रांतात होता. मध्य प्रांताने १९२० मध्ये आपला प्राथमिक शिक्षण कायदा केला. त्यानुसार स्थानिक संस्थेने ठरवले आणि सरकारने मान्यता दिली, तरच तिच्या हद्दीत सक्ती लागू व्हायची. म्हणजे हक्क मुलाच्या गावावर अवलंबून होता. पुढे याच प्रांतात रविशंकर शुक्ल यांची 'विद्यामंदिर' योजना आली. गावाने जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, अशी तिची कल्पना. १९४८ च्या कायद्याने आलेल्या जनपद सभा या स्थानिक संस्थांनी या भागातल्या शाळा सांभाळल्या आणि १९६२ मध्ये त्या जिल्हा परिषदेकडे आल्या. आजची जिल्हा परिषदेची शाळा हा या साऱ्याचा वारसा आहे.

घटना समितीतला एक प्रसंग या विषयात फार महत्त्वाचा आहे आणि त्याची आठवण कमी काढली जाते. मसुद्याचे कलम ३६ सुरू होत होते ते प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, अशा अर्थाच्या शब्दांनी. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी ते शब्द गाळण्याची दुरुस्ती सुचवली. मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात न्यायालयात मागता येईल असा हक्क बसत नाही, हे कारण. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारली. मात्र मोफत शिक्षण केवळ प्राथमिक टप्प्यापुरते ठेवावे, ही दुसरी सूचना त्यांनी मानली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात राबवायला घटनेने मनाई केली आहे. मग कामावर नसलेले ते मूल शाळेतच असले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. मसुद्यातला चौदा हा आकडा त्यामुळे कायम राहिला. मूल एक तर कामावर असते नाही तर शाळेत, मध्ये तिसरी जागा नसते, ही जाण त्यामागे होती.

'हक्क' हा शब्द गाळल्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला आणि त्याच्या सव्विसाव्या कलमात शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क म्हटला. भारतात तो शब्द परत यायला अर्धे शतक उलटावे लागले. मसुद्यातले कलम ३६ घटनेत कलम ४५ झाले. त्याने घातलेली दहा वर्षांची मुदत १९६० च्या जानेवारीत संपली. त्यानंतर तीन महिन्यांनी महाराष्ट्र जन्माला आला, पण सगळी मुले शाळेत आली नव्हती. १९९२ मध्ये मोहिनी जैन आणि १९९३ मध्ये उन्नीकृष्णन या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात शिक्षण वाचले. चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, असे दुसऱ्या निकालाने स्पष्ट केले. २००२ मध्ये शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली आणि कलम २१(क) आले. तरी ते लागू व्हायला आणखी सात वर्षांवर काळ गेला. इतक्या वर्षांत किती पिढ्या शाळेच्या वयातून निसटून गेल्या, याचा हिशेब कोणत्याही रजिस्टरात नाही.

आता कायदा प्रत्यक्ष कसा चालतो ते पाहू. समजा, जानेवारीतल्या एका सकाळी भट्टीवर कामाला आलेली बाई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत येते. हातात दाखला नाही, जन्माचे प्रमाणपत्र नाही, आधार कार्ड गावी राहिले आहे. मुख्याध्यापक टेबलावर दाखल-खारीज रजिस्टर उघडतात. या क्षणी कायदा काय म्हणतो? वर्षाच्या मध्ये आली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १५). वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही (कलम १४). आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवता येत नाही (कलम ५). आधार मागून अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले. ती कधीच शाळेत गेली नसेल तरी तिला पहिलीत छोट्या मुलांत बसवायचे नाही. वयानुसार वर्गात घ्यायचे आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचे (कलम ४). प्रवेश परीक्षा घ्यायची नाही, पैसे मागायचे नाहीत (कलम १३). आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना दाखल करून घेणे हे स्थानिक प्राधिकरणाचे, ग्रामीण भागात मुख्यतः जिल्हा परिषदेचे, कर्तव्य आहे (कलम ९). म्हणजे त्या बाईने विनंती करायची नसते. तिने नाव सांगायचे आणि मुख्याध्यापकांनी ते लिहायचे.

व्यवहारात मात्र पेन थांबते, आणि त्याला कारण आहे. महाराष्ट्रात शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेवर ठरते आणि गेल्या काही वर्षांत संचमान्यतेसाठी आधार वैध झालेल्या विद्यार्थ्यांचीच संख्या धरली जाते. आधार नसलेले मूल वर्गात बसू शकते, खिचडी खाऊ शकते, पण शिक्षकाच्या पदासाठी मोजले जात नाही. २०११ च्या ऑक्टोबरमधल्या राज्यव्यापी पटपडताळणीत खोटी पटसंख्या मोठ्या प्रमाणावर उघड झाली होती. आधारची अट त्या अनुभवातून कडक होत गेली. खोट्या नावांना आळा घालायलाच हवा होता. पण खोटे नाव रोखणाऱ्या चाळणीत खरे मूल अडकत असेल, तर चाळणी बदलली पाहिजे. आज या अडचणीचा भार एकट्या मुख्याध्यापकावर टाकला जातो, आणि ते अन्यायाचे आहे.

मूल पटावर आले म्हणजे काम संपले, असेही नाही. महाराष्ट्रात 'शाळाबाह्य' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे : ज्याचे नाव कुठल्याच शाळेत नाही ते मूल, आणि ज्याचे नाव आहे पण जे सलग तीस दिवसांहून अधिक गैरहजर आहे तेही. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. शिक्षक आणि कर्मचारी घरोघर, बसस्थानकांवर, रेल्वे फलाटांवर, भट्ट्यांवर फिरले. मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. एका दिवसात मुले मोजण्याची ही पद्धत अपुरी ठरली आणि तिच्यावर बरीच टीका झाली. जे मूल सकाळी फलाटावर असते ते दुपारी दुसऱ्या गावी असते.

भंडारा जिल्ह्यात हजेरीचा आलेख धानाच्या चक्राशी बांधलेला आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात किंवा अखेरीस उघडतात. पुस्तकांना कव्हरे घालून होतात न होतात तोच रोवणी लागते. आई रोवणीला गेली की तान्ह्याला कोण पाहणार? थोरली मुलगी. ती दहा वर्षांची असते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे ओळीने 'गै' लागत जाते, आणि कटाईच्या दिवसांत पुन्हा. तिला कोणी शाळेतून काढलेले नसते. घरची एक अडचण तिच्या वाट्याला आलेली असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बंदी करतो, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत घरच्या कामात मदत करण्याची मुभा ठेवतो. भाऊ सांभाळणे हे या मुभेच्या आड कधी जाते हे कुणाला दिसतही नाही. शिक्षणहक्क कायद्यात यावर एक उपाय आहे : शैक्षणिक दिनदर्शिका ठरवण्याचा अधिकार कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणाला दिला आहे. पहिली ते पाचवीला वर्षातून २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस व १,००० तास शिकवले गेले पाहिजे, एवढी अट. रोवणीचा पंधरवडा कुठे ठेवायचा हे जिल्ह्याला ठरवता आले असते. सुट्ट्यांची यादी मात्र वरूनच येते. अंगणवाडी पहाटे उघडली तरी तान्ह्यांचा निम्मा प्रश्न सुटेल.

स्थलांतरासाठी महाराष्ट्राने काही सोयी उभ्या केल्या. मुले गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे, परगावी गेलेल्या मुलाला तिथल्या शाळेत सहज घेता यावे म्हणून 'शिक्षण हमी कार्ड', ऊसतोडीच्या पट्ट्यात साखरशाळा. ठाणे जिल्ह्यात 'विधायक संसद' या संस्थेने वीटभट्ट्यांवर 'भोंगा शाळा' चालवल्या. या साऱ्यांतून एक गोष्ट कळली : शाळा मुलापर्यंत जाऊ शकते. हमी कार्डाची अडचण राज्याच्या सीमेवर सुरू होते. छत्तीसगडमधून आलेल्या मुलाजवळ महाराष्ट्राचे कार्ड नसते, आणि परत जाताना त्याला दाखला घेऊन जायचे सुचत नाही. त्याचे एक वर्ष दोन राज्यांच्या मध्ये हरवते.

समान संधीचा प्रश्न भाषेशीही जोडलेला आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ नुसार शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवायचे आहे. वरठीच्या एका वर्गात किती मातृभाषा असतात ते मोजले पाहिजे : कारखान्यावर आलेल्यांची हिंदी, भट्टीवरच्यांची छत्तीसगडी, आणि गावच्या मुलांची झाडीबोली. झाडीबोलीत 'ण' चा 'न' होतो आणि 'ळ' चा 'र'. मूल 'पानी' म्हणते, 'कारा' म्हणते. पुस्तकात 'पाणी' आणि 'काळा' असते. पहिलीतल्या मुलाला हे चुकीचे आहे असे सांगितले, की त्याच्या आईची भाषाच चुकीची ठरते. चांगला शिक्षक दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. बोलीवरून हसणे दुसऱ्यात मोडते.

अपंग मुलांसाठी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने हा हक्क सहा ते अठरा वर्षांपर्यंत नेला. शाळेचा उतार, वापरता येईल असे स्वच्छतागृह, फिरते विशेष शिक्षक या त्यातल्या रोजच्या गोष्टी. मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी या तर शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातल्या किमान अटी. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण पाचवीपर्यंत तीसला एक आणि पुढे पस्तीसला एक.

घराजवळची शाळा म्हणजे किती जवळ? महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर आहे. इथे जुनी रचना आडवी आली. राज्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, उच्च प्राथमिक सातवीपर्यंत आणि हायस्कूल आठवीपासून, अशी घडण पिढ्यान्‌पिढ्या होती. कायद्याने पाचवी आणि आठवी हे टप्पे मानले. त्यामुळे कुठे चौथीच्या शाळेला पाचवी जोडावी लागली, कुठे सातवीच्या शाळेला आठवी. जिथे ते झाले नाही तिथे मूल चौथीनंतर दाखला काढून दुसऱ्या गावी जाते, आणि गळती नेमकी या दाखला काढण्याच्या जागी होते. २०२३ मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी 'समूह शाळा' उभ्या करण्याचा विचार मांडला. अशा शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक होती. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, मैदान असते, विषयाला शिक्षक असतो, हे खरेच. पण पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या टोलीवरून सहा वर्षांचे मूल तिथे कसे पोचणार, याचे उत्तर आधी द्यायला हवे. अंतर मुलाच्या पायांनी मोजायचे असते.

सर्वांत जास्त वाद झाला तो कलम १२(१)(ग) वर. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, शुल्काची भरपाई सरकारने करायची. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद वैध ठरवली. अल्पसंख्याक शाळांना २०१४ च्या निकालाने कायद्यातून वगळले. महाराष्ट्रात ऑनलाइन अर्ज आणि सोडत अशी पद्धत आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला : खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेवर पंचवीस टक्क्यांचे बंधन नाही. जवळपास प्रत्येक गावात जिल्हा परिषदेची शाळा असल्यामुळे या बदलाने तरतूद बहुतेक ठिकाणी संपलीच असती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही पुढे हस्तक्षेप केला नाही. ही तरतूद टिकली हे चांगले झाले. कारखान्यातल्या अधिकाऱ्याचे आणि ठेका कामगाराचे मूल एका बाकावर बसावे, याला दुसरा कायदेशीर मार्ग नाही. तरीही बहुसंख्य मुले जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकतात. समानतेची मुख्य लढाई तिथे आहे.

नापासीचा प्रश्नही बदलला आहे. मूळ सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कुणाला एका वर्गात मागे ठेवायला मनाई होती. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना सूट दिली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास पुनर्परीक्षेची संधी आहे. आठवी पुरी होईपर्यंत शाळेतून काढायला मनाई मात्र कायम आहे.

कायदा मोडला गेला तर दाद मागायची जागा ठरलेली आहे. खासगी विनाअनुदानित शाळा सोडल्या, तर प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळेचा विकास आराखडा तिने करायचा, पैशावर लक्ष तिने ठेवायचे. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि त्याने ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते (कलम ३२). त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. समितीच्या बैठकीचे रजिस्टर पाहिले तर आयांच्या सह्या आणि अंगठे ओळीने दिसतात. त्यांनी मांडलेला प्रश्न क्वचित दिसतो. रोजी बुडवून दुपारी आलेल्या बाईला आधी बोलू दिले, तर हे चित्र बदलते.

आणि अपंग मुले सोडली, तर हा सगळा हक्क आठवीला संपतो. पंचवीस टक्क्यांतून खासगी शाळेत गेलेल्या मुलाला नववीत पूर्ण फी सांगितली जाते. गावातली मुलगी नववीला दुसऱ्या गावच्या हायस्कूलमध्ये जाते, तिच्यासाठी एस.टी.चा मोफत पास आहे, काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या आहेत, मुलींना बारावीपर्यंत शिक्षणशुल्काची माफी आहे. या योजना आहेत, आणि योजना शासन निर्णयाने बदलू शकते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या सार्वत्रिक शिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले, पण अधिनियमातली वयोमर्यादा सहा ते चौदा हीच राहिली आहे. चौदा पुरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बस चुकली, तर शाळेत पोचवण्याची कायदेशीर जबाबदारी आज कुणाचीच नाही.